रोड्स बेट: वारा बघून किनारा, घड्याळ बघून किल्ला

आम्ही अलिबागकर. कुलाबा किल्ल्यात जायचं तर आधी तिथी बघायची, ओहोटी गाठायची आणि पाणी चढायच्या आत परत यायचं, हे आम्हाला शाळेपासून पाठ. त्यामुळे ग्रीसच्या रोड्स बेटावर पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं पाण्याच्या कडेला एक दगड खुणेला ठेवला आणि पाणी कुठवर चढतं ते बघत बसले. तासाभरानं दगड होता तिथंच, पाणीही होतं तिथंच. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी नावापुरती. तिथल्या किनाऱ्याचा दिवस वारा ठरवतो, आणि गावाचा दिवस ठरवतात बंदराला लागणाऱ्या क्रूझच्या बोटी. या दोन गोष्टी धरून आखणी केली की बेट निवांत बघून होतं. आम्ही दोघी, मी आणि माझी मोठी नणंद, तिथं आठ रात्री राहिलो. वन्सं निवृत्त, गुडघ्यांनी जरा कुरकुरणाऱ्या आणि पक्क्या शाकाहारी. मी मासेखाऊ, आणि तटबंदी दिसली की वर चढणारी. दोघींचं जमलं, म्हणजे बहुतेकांचं जमावं.

आधी एक आगाऊ सल्ला. सात दिवसांत चार बेटं करू नका. निम्मा वेळ बोटीच्या रांगेत आणि बॅगा भरण्यात जातो. रोड्स जवळजवळ ८० किलोमीटर लांब आणि ३८ किलोमीटर रुंद आहे. एकाच ठिकाणी मुक्काम ठेवलात तरी आठवडा पुरत नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. यात एक खाच आहे, ती नीट लक्षात ठेवा. रोड्सच्या बंदरात तुर्कस्तानातल्या मार्मारिसला जाऊन यायच्या बोटींच्या पाट्या दिसतात. समोर तुर्की डोंगर दिसत असतात, मोह होतोच. पण तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर त्या बोटीत पाय ठेवणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं. संध्याकाळी परत येता येणार नाही, आणि बॅग राहील रोड्सच्या खोलीवर. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशाच्या रकान्यात ०१ लिहिलंय की मल्टी, ते घरीच बघून घ्या.

अथेन्सहून रोड्सला विमान तासाभरात पोचतं. पिरेअस बंदरातून बोटही सुटते, पण ती रात्रभराची. वन्सं आधीच म्हणाल्या, "वहिनी, मांडव्याच्या लाँचला मी डोळे मिटून बसते, रात्रभर काय बसणार?" म्हणून आम्ही विमान धरलं.

कधी जावं? जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. तो दिवसेंदिवस घोंगावतो आणि पश्चिम किनारा खवळवून ठेवतो. वरून ऊन रणरणतं. जुलै २०२३ मध्ये बेटाच्या मधल्या आणि दक्षिण भागात मोठा वणवा पेटला आणि हजारो पर्यटकांना हॉटेलांतून हलवावं लागलं. भर उन्हाळ्यात गेलातच तर फोनवर ११२ या आपत्कालीन क्रमांकाकडून येणारे इशारे बंद करून ठेवू नका. १५ ऑगस्ट हा तिकडे मेरीमातेचा मोठा सण, त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, तो ऑक्टोबरातही कोमट लागतो, आणि वारा पुष्कळ निवळलेला असतो. नोव्हेंबर लागला की किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं कुलपं लावतात.

तटाच्या आत राहा

मुक्काम रोड्सच्या जुन्या शहरात, तटाच्या आतच करा. किनाऱ्यावरची मोठी हॉटेलं स्वस्त पडतील, पण मग हे शहर तुम्हाला भर दुपारी गर्दीत बघावं लागेल. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि आत माणसं अजून राहतात. वाळत घातलेले कपडे आहेत, दारातली बोगनवेल आहे, आणि मांजरं तर पावलोपावली.

खोली घेताना घरमालकाला एकच प्रश्न विचारा: कुठल्या दरवाजानं आत यायचं? आम्ही विचारला नाही. तटाला दरवाजे बरेच आणि आतल्या बहुतेक गल्ल्यांत टॅक्सी जात नाही. टॅक्सीवाल्यानं आम्ही सांगितलेल्या दरवाजाशी सोडलं, आणि आम्ही सांगितला होता चुकीचा. रात्री साडेदहाला आम्ही दोघी गोट्यांच्या फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा खडखडवत चाललो होतो. समुद्रातले वाटोळे गोटे उभे बसवून केलेली ही फरसबंदी, तिला तिथं होख्लाकी म्हणतात. घरांच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची तिची नक्षी रांगोळीसारखी दिसते. बॅगेच्या चाकांना मात्र ती नको. माझ्या बॅगेचं एक चाक तिथंच निखळलं. पाठीवरची सॅक न्या आणि जाड तळव्याचे बूट घाला. पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या फरशा पहाटेच्या दवानं चांगल्याच निसरड्या होतात.

आता शहर बघायचं कसं. सकाळी सातला बाहेर पडा. क्रूझच्या बोटी तटाच्या अगदी पायाशी लागतात. नऊ-साडेनऊच्या सुमारास त्यांतून माणसं उतरली की सोक्रातूस नावाच्या बाजाराच्या रस्त्यात गणपतीतल्या दादरसारखी गत होते. त्याआधीचे दोन तास शहर तुमचं.

सुरुवात वायव्येच्या द'आंब्वाझ दरवाजापासून करा. किल्ले बघायची सवय असलेल्या माणसाला इथं मजा येते. खंदकावरचा पूल ओलांडून दोन जाडजूड बुरुजांमधून आत शिरलात की वाट सरळ जातच नाही. वळते, पुन्हा वळते, पुन्हा दरवाजा. आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शत्रूनं धावत येऊ नये, हत्ती म्हणा, ओंडका म्हणा, त्याला वेग मिळू नये, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. हा दरवाजा १५१२ सालचा. दहा वर्षांनी, १५२२ मध्ये, तुर्की सुलतान सुलेमाननं वेढा घातला. सहा महिने शहर लढलं आणि वर्षअखेरीला तह झाला. १ जानेवारी १५२३ ला सेंट जॉनचे नाइट, म्हणजे इथले ख्रिस्ती सरदार-संन्यासी, उरलेल्या माणसांसह जहाजांत बसून निघून गेले. पुढं त्यांना माल्टा मिळालं. १३०९ पासून त्यांनी इथं राज्य केलं होतं.

मग खंदकात उतरा. याला तिकीट नाही, आणि माझ्या मते जुन्या शहरातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. पाणी यात कधी नव्हतं, कोरडाच खंदक. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये गवत, झाडं आणि जागोजाग पडलेले दगडी तोफगोळे. काही गोळे दोघांनी मिळूनही उचलणार नाहीत इतके मोठे. दहा वाजता वर बाजारात धक्काबुक्की चाललेली असते तेव्हा इथं कुत्रं फिरवणारा एखादा म्हातारा सोडला तर कोणी नसतं. वन्सं एका गोळ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथं आहे, तू तट बघून ये." तासाभरानं आले तर मांडीवर मांजर.

नाइटांचा रस्ता सकाळीच बघा, कारण त्याचं सौंदर्य रिकामेपणात आहे. दोनेकशे मीटरांचा उतार, दुतर्फा नाइटांच्या वसतिगृहांच्या दगडी इमारती. हे लोक भाषेप्रमाणे गट करून राहायचे. फ्रान्सचं घर वेगळं, इटलीचं वेगळं, प्रोव्हान्सचं वेगळं. तटाचा कुठला भाग कोणी लढवायचा तेही भाषेवारीच वाटून दिलेलं. आपण १९५६ मध्ये केलं, त्यांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी.

रस्त्याच्या वरच्या टोकाला ग्रँडमास्टरचा, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाचा, राजवाडा. तिकीट काढून जरूर बघा, पण एक गोष्ट मनात ठेवून. १८५६ मध्ये शेजारच्या सेंट जॉन चर्चखाली साठवलेल्या तोफांच्या दारूचा स्फोट झाला, त्यात चर्च गेलं आणि राजवाड्याचीही दुर्दशा झाली. आज उभा आहे तो बराचसा १९३७ ते १९४० या काळात इटालियनांनी बांधलेला. १९१२ पासून बेट त्यांच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्या राजाला व मुसोलिनीला विश्रांतीसाठी वाडा हवा होता. जमिनीवरची रोमन आणि बायझंटाइन मोझाइकं खरी आहेत, पण ती शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणलेली. म्हणून भिंतीकडे कमी बघा, पायाखाली जास्त.

रस्त्याच्या खालच्या टोकाला नाइटांचं जुनं इस्पितळ, आता पुरातत्त्व संग्रहालय. ऊन डोक्यावर आलं की इथं शिरायचं. जाड भिंती, थंड दालनं, बसायला अंगण.

दुपारनंतर पूर्वेकडच्या ज्यू वस्तीत जा. तिकडे गर्दी विरळ होते. काहाल शालोम हे १५७७ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ग्रीसमधलं वापरात असलेलं सगळ्यात जुनं. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी इथल्या ज्यूंना, दीड हजारांहून जास्त माणसांना, बोटींत भरून नेलं आणि ऑशविट्झच्या छळछावणीत पोचवलं. फारच थोडी वाचली. जवळच्या चौकात त्यांचं स्मारक आहे. चौकाभोवती आज आइस्क्रीमची दुकानं आहेत. आम्हाला दोघींनाही तिथं काही खावंसं वाटलं नाही. आमच्या भागात नवगाव-रेवदंड्याकडे बेने इस्रायलींची घरं होती, शनिवारी तेल गाळत नाहीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. वन्संच्या वर्गात त्यांच्यातल्या दोन मुली होत्या. सिनेगॉगमधल्या नावांच्या पाटीसमोर वन्सं बराच वेळ उभ्या होत्या.

गल्ल्यांतून चालताना वर बघा. समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या दगडी कमानी दिसतील. भूकंपात भिंतींनी एकमेकींना आधार द्यावा म्हणून त्या घातल्या आहेत. भूकंप या बेटाला नवा नाही. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, सूर्यदेवाचा तो तीसेक मीटर उंच ब्राँझचा पुतळा, कोलोसस, इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास भूकंपातच कोसळला. मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणांची जोडी आहे. पुतळ्याचे पाय तिथं होते, असं नावाडी छातीठोक सांगतात. पुतळा बंदरावर तंगड्या फाकून उभा होता ही नुसती कहाणी. फोटो हरणांचा काढा आणि पुढं चला.

किनारे

नियम सोपा. वारा असेल तर पूर्वेला जा. मधल्या डोंगरांची पाठ तिकडे आडोसा देते, वाळूचे किनारेही तिकडेच जास्त. पश्चिम किनारा गोट्यांचा आणि लाटांचा, पोहण्यापेक्षा सूर्यास्ताला बरा. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बसगाड्या वेगवेगळ्या थांब्यांवरून सुटतात. दोन्ही थांबे मांद्राकीजवळच्या नव्या बाजारापाशी आहेत, पण चुकीच्या रांगेत उभं राहणं फार सोपं. तिकीट काढण्याआधी गावाचं नाव मोठ्यानं उच्चारा. परतीची शेवटची बस किती वाजता, ते जातानाच विचारून घ्या.

माझा आवडता किनारा त्सांबिका. शहरापासून सव्वीसेक किलोमीटर. सोनेरी वाळू, पाणी हळूहळू खोल होत जाणारं, लहान मुलांना आणि पोहायला न येणाऱ्यांना उत्तम. मागच्या सुळक्यावर मेरीमातेचा छोटा मठ, शेवटी तीनेकशे पायऱ्या. मूल व्हावं म्हणून बायका अनवाणी वर चढतात, आणि नवस फळला तर मुलाचं नाव त्सांबिकोस, मुलीचं त्सांबिका. रोड्सबाहेर ही नावं सहसा आढळत नाहीत, त्यामुळे माणूस कुठला ते नावावरूनच कळतं. वर्षातली मोठी यात्रा ८ सप्टेंबरला. गुडघे दुखत असतानाही वन्सं सगळ्या पायऱ्या चढल्या. "देवीचं ठाणं डोंगरावरच असायचं," एवढंच म्हणाल्या. वर जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी पर्समध्ये ठेवा.

अँथनी क्विन या हॉलिवूडच्या नटाच्या नावाचा एक छोटा आखात आहे, खडकांनी वेढलेला, हिरवट निळ्या पाण्याचा. फोटोत सुंदर, उतरायला कठीण. पायात रबरी बूट हवेतच, खडकांवर काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात आणि त्यांचा काटा तळव्यात मोडला की दोन दिवस लंगडावं लागतं. डोळ्यांवर चष्मा लावून पाण्यात तोंड घाला, मासे दिसतील. सकाळी दहापर्यंत गेलात तर ठीक, नंतर टॉवेल पसरायला जागा नसते.

शहरातल्या एली किनाऱ्यावर चालत जाता येतं. गोटे आहेत, पण संध्याकाळी पटकन डुबकी मारून यायला छान. छत्री आणि खुर्चीचे पैसे पडतात. स्वतःची चटई पसरली तर कोणी उठवत नाही, बहुतेक किनाऱ्यांवर तेवढा मोकळा पट्टा असतो. कपड्यांचं म्हणाल तर तिकडे कोणी कोणाकडे बघत नाही. मी पूर्ण बाह्यांच्या पोहण्याच्या पोशाखात होते, शेजारच्या आजीबाई जवळजवळ कशातच नव्हत्या, आणि आम्ही एकमेकींना हसून सुप्रभात म्हटलं.

लिंदोस, आणि गाडी घेतलीत तर

लिंदोस पन्नासेक किलोमीटरवर. पहिली बस धरा, नाहीतर जाऊच नका. अकरानंतर त्या पांढऱ्या गल्ल्यांत पुढच्याच्या पाठीकडे बघत चालावं लागतं, आणि वरच्या कड्यावर सावलीचं एक झाड नाही. ११६ मीटर उंचीचा हा खडक म्हणजे एकावर एक रचलेली राज्यं: बाहेरून नाइटांचा तट, आत बायझंटाइन चर्चचे अवशेष, टोकावर अथीना देवीचं मंदिर. चढ संपवून आत जाण्याआधी जिन्याच्या पायथ्याशी थांबा. तिथं कातळात एका युद्धनौकेची मागची बाजू कोरली आहे, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. लोक धापा टाकत तिच्यासमोरून निघून जातात. आम्ही दर्यावर्दी मुलखातले, आमचे पाय तिथं आपोआप थांबले. गाढवावर बसून वर जायची सोय आहे. बसू नका. उन्हात निसरड्या दगडांवरून त्यांचं चाललेलं बघवत नाही, आणि सावकाश चढलं तर वन्संसारखीही पोचते. उतरल्यावर खालच्या गावात जुन्या जहाजमालकांच्या घरांची कोरीव दारं बघा, आणि मग सेंट पॉलच्या आखातात उतरून पाण्यात बसा.

दोन दिवस आम्ही गाडी घेतली. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. गाडी उजव्या बाजूनं चालवायची. पहिला अर्धा तास मी खिडकीची काच वरखाली करत होते, गियर म्हणून. पश्चिमेला कामिरोस हे उतारावर वसलेलं प्राचीन गाव आहे, तटबंदी नसलेलं. अगदी वरच्या टप्प्यावर पाण्याचं मोठं टाकं आहे, आपल्या गडांवरच्या टाक्यांचा थोरला भाऊ. पुढं मोनोलिथोस: उभ्या सुळक्यावर नाइटांचा किल्ला आणि आत एक पांढरं देऊळवजा चर्च. कठडा नाही, मुलांचा हात धरा. सूर्यास्त इथंच बघायचा. पूर्वेला हराकी गावावरचा फेराक्लोस किल्ला मात्र कोणी सांगत नाही. नुसते पडके तट, पायवाट, झुडपं, आणि पलीकडे उतरलं की अगाथीचा वाळूचा किनारा. किल्ला आणि किनारा एका फेरीत. मला तर रेवदंड्यालाच आल्यासारखं वाटलं.

दक्षिण टोकाचं प्रासोनीसी लांब आहे, पण वाळूच्या एका पट्टीच्या डाव्या हाताला शांत समुद्र आणि उजव्या हाताला उसळता, हे दृश्य दुसरीकडे मिळायचं नाही. फुलपाखरांच्या दरीचं फार ऐकाल. हंगाम जून ते सप्टेंबर, आम्ही गेलो तेव्हा संपत आला होता. ती खरं तर पतंगं, दिवसभर खोडांवर निजलेली. ती उडावीत म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना वन्संनी मराठीत झापलं, आणि ते गप्प बसले.

खाणं, आणि एक धोक्याचा शब्द

ग्रीक भाषेत "ने" म्हणजे होय. मराठी कानाला ते नाही वाटतं. पहिल्याच रात्री वन्संनी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या मागवल्या आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं, मांस आहे का? तो म्हणाला, "ने, ने." वन्सं निर्धास्त. घास तोंडाशी गेला तेव्हा मी हात धरला. आत खिमा होता. नाही म्हणजे "ओही". आणि पुष्कळदा तेही न बोलता नुसती मान वर करून, आपण कंटाळून "च्" करतो तसा आवाज काढतात.

शाकाहाऱ्यांनी पाठ करायचा शब्द "निस्तीसिमो", म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षात पुष्कळ, आणि त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे हा शब्द उच्चारला की स्वयंपाकघरात नेमकं कळतं. फक्त कालवं, कोळंबी, माखली त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं वेगळं सांगा. या बेटाची स्वतःची वस्तू म्हणजे पितारूदिया: भिजवलेले छोले वाटून त्यात कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेली भजी. वन्संनी आठ दिवसांत सहा वेळा खाल्ली. मी शेजारच्या सिमी बेटाची कोळंबी खाल्ली, करंदीएवढीच, सालीसकट कुरकुरीत तळलेली. मोठा मासा किलोवर विकतात, तळायला टाकण्याआधी वजन आणि भाव विचारा.

दुपारी तीन ते साडेपाच वामकुक्षी. त्या वेळी गल्लीत मोठ्यानं बोलू नका. आम्ही बोललो आणि वरच्या खिडकीतून आम्हाला दटावलं गेलं.

परत आणायचं असेल तर मेलेकूनी आणा. तीळ, मध, संत्र्याची साल आणि मसाले घालून केलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या, लग्नात आणि बारशाला वाटतात. आपल्या तिळाच्या वडीची सख्खी बहीण. मधाची बरणी हातातल्या सामानात ठेवाल तर विमानतळावर काढून घेतील, ती मोठ्या बॅगेत घाला. वड्या मात्र हाताशी ठेवायला हरकत नाही. आमचा डबा अथेन्सला विमान बदलेपर्यंत अर्धा झाला होता.